बर्फ बनवता येतो, थंडी नाही

आल्प्समधल्या स्की रिसॉर्टांचा हंगाम महिनोन्‌महिने चालतो, पण कमाईचा मोठा वाटा नाताळ आणि फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या अशा मोजक्याच आठवड्यांत येतो. नेमके तेव्हाच उतार हिरवे राहिले, तर पाहुणे शेजारच्या उंच डोंगराकडे वळतात. हॉटेल आणि डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट पैशाने सुधारता येतात. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र जी आहे तीच राहते.

एखादं ठिकाण बर्फाच्या दृष्टीने भरवशाचं आहे का, हे ठरवायचा एक जुना निकष आहे. १ डिसेंबर ते १५ एप्रिल या काळात किमान १०० दिवस ३० सेंटीमीटर बर्फ हवा, तोही दहापैकी सात हिवाळ्यांत. ज्या उंचीपासून हा निकष पूर्ण होतो, ती भरवशाची रेषा तापमान १ अंशाने वाढलं की साधारण १५० मीटर वर सरकते. दीड हजार मीटरखालच्या गावांसाठी हे आकडे फार जड आहेत.

यावरचा उपाय म्हणजे स्नो गन. इटलीतल्या सुमारे ९० टक्के उतारांवर हीच यंत्रं बर्फ पुरवतात, स्वित्झर्लंडमध्ये जवळपास निम्म्या. यंत्र प्रचंड दाबाने पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवतं. जमिनीवर पडेपर्यंतच्या काही सेकंदांत ते गोठायला हवेत. थेंबातलं थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उरलेल्या थेंबाची उष्णता घेऊन जातं. म्हणून इथे साधं तापमान बघून भागत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक उणे २ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जायला हवा. हवा कोरडी असेल तर साधा पारा शून्यावर असतानाही काम सुरू करता येतं; दमट असेल तर उणे १ अंशालाही नुसता चिखल होतो. तयार होतात त्या सहा पाकळ्यांच्या चांदण्या नव्हेत, बर्फाचे घट्ट गोल कण. ताज्या नैसर्गिक बर्फाच्या कितीतरी पट घन असल्यामुळे ते उतारावर जास्त टिकतात.

पाणी मात्र अफाट लागतं. एका हेक्टरवर ३० सेंटीमीटरचा थर द्यायला सुमारे १० लाख लिटर. आणि हिवाळ्यात डोंगरातल्या ओढ्यांना पाणी कमी असतं, कारण ते वर बर्फात अडकलेलं असतं. मग तलाव खोदा, पंप बसवा, वीज आणा. हा खर्च मोठ्या रिसॉर्टला झेपतो. किंवा एकत्र येणाऱ्यांना: इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांत १९७४ पासून एकच सामाईक पास चालतो, आज त्यावर १२ स्की क्षेत्रं आणि सुमारे १,२०० किलोमीटर उतार खुले होतात.

युरोपातल्या २,२३४ रिसॉर्टांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जग २ अंशांनी तापलं तर कृत्रिम बर्फाशिवाय त्यांतल्या ५३ टक्के रिसॉर्टांना बर्फटंचाईचा अतिशय मोठा धोका आहे. निम्म्या उतारांवर यंत्रं चालवली तर हे प्रमाण २७ टक्क्यांवर येतं. ४ अंशांना मात्र यंत्रं असूनही ते ७१ टक्के होतं.

खालची रिसॉर्ट बंद पडली की गिऱ्हाईक वरच्यांना मिळेल, हा हिशेब मला अपुरा वाटतो. शहरांजवळच्या याच लहान, स्वस्त उतारांवर मुलं स्की शिकतात. ती शिकलीच नाहीत, तर पंधरा वर्षांनी उंचावरच्या महागड्या लिफ्टमध्ये बसणार कोण?

म्हणूनच फ्रान्समधल्या ज्युरा डोंगरांतल्या मेताबिएफ या स्की रिसॉर्टचा निर्णय मला मोलाचा वाटतो. त्यांचं सर्वांत उंच टोक दीड हजार मीटरच्याही आतच आहे. २०३० ते २०३५ च्या दरम्यान उतारावरचं स्कीइंग थांबेल असं गृहीत धरून त्यांनी आखणी सुरू केली. नवी लिफ्ट म्हणजे कित्येक वर्षांचं कर्ज, आणि ते फेडून होण्याआधीच बर्फ संपणार असेल तर बोजा गावावरच पडणार. त्यापेक्षा जुन्या लिफ्टांची नीट देखभाल करून हाती असलेले हिवाळे चालवायचे, आणि तेवढ्या अवधीत बर्फावर न विसंबणारं पर्यटन उभं करायचं, असं त्यांनी ठरवलं आहे.