पिल्लाच्या पोटातलं विरजण

घोटीजवळच्या एका ब्रॉयलर शेडमध्ये मालकांनी काठीनं तुसावरची विष्ठा दाखवली. एक घट्ट, वर पांढरी टोपी असलेली. दुसरी चॉकलेटी, चिकट, नाक दाबायला लावणारी.

"ताई, ही हगवणच ना? पोटासाठी पावडर आणून ठेवलीय, चालू करू?"

हगवण नव्हती ती. कोंबडीचं लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं, तिथे बोटासारख्या दोन बंद पिशव्या असतात. दिवसातून काही वेळा त्या रिकाम्या होतात, तेव्हा हे चॉकलेटी बाहेर पडतं. त्याच्या एका ग्रॅममध्ये हजारो कोटी जिवाणू असतात. कोंबडीला न पचलेले तंतू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी याच आम्लावर पोसतात. अस्तर धडधाकट असलं की रोगजंतूंना रक्तात शिरायला फट सापडत नाही.

पण हे जिवाणू पिल्लाला मिळतात कुठून? गावठी कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते, मग पिल्लं तिच्यामागे हिंडत तिच्याच विष्ठेत चोची मारतात. आईचं विरजण असं लागतं. हॅचरीतल्या पिल्लाला आई भेटतच नाही. यंत्रातून निघालेलं जेमतेम ४० ग्रॅमचं ते पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जायचं असतं आणि त्याचं आतडं विरजण न लावलेल्या दुधासारखं उघडं असतं. आधी जे पडेल, ते बस्तान बसवतं.

१९७३ साली फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज नवजात पिल्लांना पाजला. पुढे साल्मोनेला हा रोगजंतू दिला, तरी त्याला त्या पोटांत सहज जागा मिळेना. घर आधीच भरलेलं होतं. मला हा प्रयोग या सगळ्या विषयाचा पाया वाटतो.

जग मात्र तोवर वेगळ्या वाटेनं निघालं होतं. वजन वाढावं म्हणून खाद्यात थोडंथोडं प्रतिजैविक मिसळायची पद्धत १९५० च्या सुमारास सुरू झाली. त्यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू फोफावले. युरोपीय संघानं २००६ पासून अशा वापरावर बंदी घातली. माणसांसाठी अखेरच्या उपायांत गणलं जाणारं कोलिस्टिन भारतानं २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी बंद केलं. ते व्हायलाच हवं होतं.

आता खाद्यात मिसळायची पूरकं आली आहेत. बॅसिलस या उपयोगी जिवाणूचे बीजाणू गोळी खाद्य बनवतानाची उष्णता सोसतात आणि आतड्यात जागे होतात. यीस्टच्या पेशीभित्तीची करामत मला सगळ्यांत आवडते. साल्मोनेलाच्या अंगावर बारीक केस असतात, त्यांनी तो आतड्यावरच्या मॅनोज साखरेला पकडतो. यीस्टच्या भित्तीतही तीच साखर असते. जंतू फसून तिलाच धरतो आणि तिच्याबरोबर बाहेर पडतो. ओव्यातलं थायमॉल जिवाणूंच्या पटलाला भोकं पाडतं. गव्हातले चिकट तंतू तोडणारी विकरं (एन्झाइम) ही मिळतात, पण आपलं खाद्य मका आणि सोयापेंडीचं, तिथे त्यांचा उपयोग कमी. पिशवीवरचं नाव वाचण्याआधी आपल्या खाद्यात काय आहे ते बघावं.

नाशिकच्या वायनरींत द्राक्षाचा चोथा निघतो. त्याच्या सालीबियांत पॉलिफेनॉल्स, म्हणजे टॅनिनसारखी वनस्पतींतली रसायनं, भरपूर असतात. स्पेनमध्ये द्राक्षाचे असे पदार्थ ब्रॉयलरना खाऊ घालून आतड्यातले जिवाणू तपासले गेले आहेत. प्रमाण मात्र सांभाळावं लागतं, जास्त टॅनिन गेलं तर प्रथिनं नीट पचत नाहीत. आपल्या जिल्ह्यात यावर मन लावून काम व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

तरी पूरकाचं बळ किती? लिटर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेलं तूस, ओलं राहिलं की कॉक्सिडियाचे परजीवी वाढतात, ते आतड्याला जखमा करतात. जखमांतून पाझरणाऱ्या प्रथिनांवर क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जिवाणू माजतो आणि आतडं सडायला लागतं. तिथे पावडर कितीही चांगली असली तरी थिटी पडते.

म्हणून मी मालकांबरोबर निपलच्या, म्हणजे कोंबड्या चोचीनं पाणी पितात त्या तोट्यांच्या, ओळीखाली गेले. मूठभर तूस दाबलं, मूठ उघडली, तर त्याचा गोळा तसाच राहिला. वरच्या निपलमधून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"पावडरचं नंतर बघू, ताई," म्हणत ते पाना आणायला गेले.