‘पीएमएल-रारा निगेटिव्ह’ आल्यावर: एपीएलच्या वेगळ्या रूपांची पार्श्वभूमी

ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला, टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात खेपा घालणाऱ्या घरांना ‘एपीएल’ हा शब्द फार लवकर पाठ होतो. तीव्र रक्तकर्करोगाचा हा विरळ प्रकार. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, आणि एका दिवसाचा उशीरही जिवावर बेतू शकतो. अशा वेळी रिपोर्टवर ‘पीएमएल-रारा निगेटिव्ह’ (या आजारात बहुधा दिसणारी दोन जनुकांची जोडी सापडली नाही) असं आलं, तर ‘म्हणजे हा तो नाहीच’ असं वाटणं साहजिक आहे. पण तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही.

1957 मध्ये नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी तीन रुग्णांवरून हा आजार वेगळा ओळखला. तेव्हा रुग्ण काही आठवड्यांतच दगावत. 1977 मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांना 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले दिसले. औषध मात्र उलगड्याच्या आधी आलं. 1985 मध्ये शांघायच्या वांग झेनयी यांनी पाच वर्षांच्या मुलीला ‘एट्रा’, म्हणजे अ जीवनसत्त्वाचंच एक रूप दिलं आणि ती बरी झाली. हे औषध पेशींना मारत नाही, अर्धवट वाढीत अडकलेल्या पेशींना वाढवून प्रौढ करतं. मला हा सगळा इतिहास थक्क करतो तो इथे.

असं का होतं, ते 1990 च्या सुमारास कळलं. 17 वरचा तुटलेला जनुक ‘रारा’, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा संदेश घेणारा. तुटून तो दुसऱ्या एखाद्या जनुकाला, म्हणजे जोडीदाराला, चिकटतो. बहुतेकांत हा जोडीदार 15 वरचा पीएमएल असतो. 1993 मध्ये शांघायच्याच संशोधकांना दुसरा जोडीदार सापडला, 11 वरचा पीएलझेडएफ. पुढे एनपीएम1, नुमा1, स्टॅट5बी. एनपीएम1 आणि नुमा1मध्ये एट्रा लागू पडतं. पीएलझेडएफ आणि स्टॅट5बीमध्ये सहसा नाही. एपीएलवरचं दुसरं औषध, आर्सेनिक, तर पीएमएलच्याच तुकड्याला धरतं. तो नसेल, तर धरणार कशाला?

सूक्ष्मदर्शकाखालीही फरक दिसतो. नेहमीच्या एपीएलमध्ये पेशीत बारीक काड्यांची मोळी बांधल्यासारखी दिसते. पीएलझेडएफमध्ये ती बहुधा नसते आणि केंद्रक बरंच गोलसर असतं.

नेहमीची पीसीआर तपासणी फक्त पीएमएल-राराची जोडी शोधते. त्यामुळे ती निगेटिव्ह आली आणि शंका उरली, तर ‘फिश’ने, म्हणजे जनुकावर चमकणारे रंगीत ठिपके लावणाऱ्या तपासणीने, रारा तुटलाय का ते पाहतात: शाबूत जनुकावर लाल-हिरवा ठिपका एकत्र, पिवळसर, तुटलेला असेल, तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. तुटलेला दिसला, की त्याचा जोडीदार कोण ते शोधायचं. पुढचं औषध त्यावरच ठरतं.