ओवेनच्या मांडीत नेमकं काय तुटलं?

रविवारी सकाळी टर्फवर आमची मॅच असते, तिशीपासून पन्नाशीपर्यंतचा सगळा माल, मी गोलकीपर कारण त्यात पळावं लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी आमच्यातला एक जण, जो स्वतःला स्ट्रायकर समजतो, लांबचा पास बघून सुटला, सात-आठ पावलं झकास पळाला आणि एकदम थांबून रागाने मागे वळला. त्याला वाटलं कुणीतरी मागून मांडीवर लाथ घातली. मागे दहा फुटांत कुणीच नव्हतं. मग त्याचा चेहरा पडला आणि मांडीच्या मागे हात दाबून तो खालीच बसला.

पुढच्या पाच मिनिटांत बारा जणांचे बारा सल्ले. नस चढली, नस बसवून घे, गरम पाण्याचा शेक दे, तेल लावून खसाखसा चोळ. संध्याकाळी फोन केला तर त्याची आई सोसायटीत पायाळू माणूस शोधत होती, लाथ मारायला. आता उसण असो नाहीतर हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे स्नायू), जन्माला येताना कुणाचे पाय आधी बाहेर आले याच्याशी आपल्या मांडीचा काय संबंध, पण हे बोलायची सोय नसते. बोललो, आणि चहा मिळाला नाही.

तर मुद्दा असा की "नस चढली" वगैरे काही झालेलं नसतं. तिथे स्नायूचे धागे फाटलेले असतात, खरोखर फाटलेले, आत रक्त सांडलेलं असतं, म्हणून तर तीन-चार दिवसांनी गुडघ्याच्या मागे काळंनिळं उतरतं. आणि फाटलेल्या जागी पहिल्याच दिवशी शेकून, चोळून आपण तो रक्तस्राव वाढवण्याचीच सोय करतो.

मला त्या दिवशी सारखा इंग्लंडचा स्ट्रायकर मायकल ओवेन आठवत होता. ज्यांनी १९९८चा वर्ल्ड कप रात्री जागून बघितला त्यांना सांगायला नको. ३० जून, सेंट एटिएन, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना, अठरा वर्षांचं पोरगं बेकहॅमचा पास घेऊन जे सुटलं ते अर्जेंटिनाच्या चामोला मागे टाकून, अयालाला वळसा घालून थेट गोल मारूनच थांबलं. त्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणाऱ्यांत तो, १८ गोल, पुढच्या सीझनलाही १८. आणि मग १२ एप्रिल १९९९, लीड्सचं एलंड रोड मैदान, लिव्हरपूलकडून खेळताना बॉलमागे पळता पळता मांडीचा मागचा स्नायू गेला. कुणी टॅकल केलं नव्हतं, धक्कासुद्धा नव्हता. वय १९.

(बरोबर एक वर्षाने, १२ एप्रिल २०००ला, रोममध्ये ब्राझीलच्या रोनाल्डोच्या गुडघ्याचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, तुटला, तोही कुणी न धडकता. तारखेवरून कुंडली मांडणाऱ्यांनी इथे हात शिवशिवले तरी आवरावेत. प्रोफेशनल फुटबॉल एप्रिलमध्ये भरपूर खेळला जातो, एवढंच.)

आता एक करा, खुर्चीवर बसलेले असाल तर पाय जमिनीवर ठेवा आणि टाच मागे खुर्चीखाली ओढायचा प्रयत्न करा, पण जमिनीवरून हलू देऊ नका. आता गुडघ्याच्या मागे हात लावा. दोन्ही कडांना ताठ दोऱ्या लागतील. बाहेरच्या बाजूची दोरी आहे ती बायसेप्स फेमोरिसची, आतल्या बाजूच्या बाकीच्या दोन स्नायूंच्या. तिघं मिळून हॅमस्ट्रिंग. पळताना जे फाटतं ते बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचंच, बायसेप्स फेमोरिसचं लांब डोकं, म्हणजे त्याचा लांबडा भाग. हा स्नायू वर बसायच्या हाडाला चिकटलेला आणि खाली गुडघ्याच्या पलीकडे, म्हणजे तो एकाच वेळी दोन सांधे सांभाळतो, खुबा आणि गुडघा. दोन मालकांचा नोकर. दोघांनी एकाच वेळी दोन बाजूंना ओढलं की हाल त्याचे.

आणि जोरात पळताना नेमकं हेच होतं. आपल्याला वाटतं हॅमस्ट्रिंग म्हणजे पाय मागे ढकलणारं इंजिन. ते आहेच. पण खरी मारामारी पाय हवेत असताना होते, मांडी पुढे आलेली आहे, पोटरी झोक्यासारखी पुढे फेकली जातेय, आणि ती तशीच जाऊ दिली तर गुडघा खाडकन सरळ होऊन उलटा वाकेल, म्हणून पाऊल टेकायच्या आधीच्या क्षणी हॅमस्ट्रिंग तिला मागून लगाम घालतं. म्हणजे काय, तर स्नायू पूर्ण ताकदीने आकसायचा प्रयत्न करतोय आणि त्याच वेळी ताणला जाऊन लांब होतोय. ब्रेक आहे तो त्या क्षणी. इंजिन नाही.

स्ट्रायकरचं दुखणं तर आणखी वेगळं. ऑफसाइडच्या नियमामुळे त्याला शेवटच्या डिफेंडरच्या रेषेत ताटकळत उभं राहावं लागतं, पास सुटेपर्यंत पुढे जायचं नाही आणि सुटला की पुढच्या दोन सेकंदांत सगळं काढायचं. मिडफिल्डर जास्त किलोमीटर पळतो, पण थंड गाडी थेट टॉप गिअरला टाकण्याचं काम स्ट्रायकरचं. त्यात शेवटचं पाऊल बॉलपर्यंत पोचायला लांब टाकायचं. ओवेनचं अख्खं करिअर त्या शेवटच्या रेषेवर उभं होतं.

स्नायू लांब होत होत जोर लावतो त्याला एक्सेंट्रिक म्हणतात, आणि हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे त्यामुळे आता थोडं सहन करा. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" होतं ते कशामुळे? चढण्यामुळे नाही, उतरण्यामुळे. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला लांब होत होत वजन धरतात, पोहरा विहिरीत सोडताना दोर हातातून हळूहळू सोडतो तसं. (लॅक्टिक ॲसिड साठलं म्हणून दुखतं हे अजून जिममध्ये सांगतात, खोटं आहे, ते तास-दोन तासांत निघून जातं, दुखणं येतं दुसऱ्या दिवशी.)

१९५२ साली लंडनमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी यावर भन्नाट प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि एकाच चेनने जोडल्या. एक जण नेहमीसारखा पेडल मारणार, त्यामुळे दुसऱ्याची पेडल उलटी फिरणार, आणि दुसऱ्याने ती फक्त अडवायची. म्हणजे एकाचे स्नायू आखूड होत काम करतायत, दुसऱ्याचे लांब होत, आणि जोर दोघांवर सारखाच. प्रात्यक्षिकाला पेडल मारायला धिप्पाड पुरुष आणि अडवायला छोट्या चणीची बाई. गडी घामाघूम, बाई आरामात! अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागतो. म्हणजे लांब होताना स्नायू कमी खर्चात जास्त जोर धरतो. फुकटात मिळाल्यासारखं वाटतं ना? फुकट नाहीये, बिल वेगळ्या खिडकीवर येतं.

ते बिल समजायला आत जावं लागेल. स्नायूचा धागा म्हणजे सार्कोमिअर नावाच्या छोट्या डब्यांची आगगाडी. एक डबा मिलीमीटरच्या साधारण चारशेव्या भागाएवढा, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या धाग्यात एकामागे एक चाळीसेक हजार डबे. प्रत्येक डब्यात ॲक्टिन आणि मायोसिनचे तंतू एकमेकांत घुसलेले असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवतो तसे, आणि मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडून ओढतात. जेवढी बोटं जास्त अडकलेली तेवढी पकड घट्ट. आता ही गाडी दोन्ही टोकांनी खेचा. सगळे डबे सारखे ताणले गेले तर प्रश्नच नाही, पण चाळीस हजारांत काही डबे जरा कच्चे असणारच. कच्चा डबा आधी ताणला जातो, ताणला की त्यातली बोटं सुटायला लागतात, बोटं सुटली की तो अजून कच्चा होतो, मग तो अजून ताणला जातो, आणि शेवटी पॉप होऊन पूर्ण उघडतो. शेजारचे डबे तोवर जागच्या जागी. मॉर्गन नावाच्या शास्त्रज्ञाची १९९०ची ही मांडणी आहे, ती सगळ्यांना शंभर टक्के पटलेली नाही, पण गड उतरल्यावरच्या दुखण्यासाठी ती बऱ्यापैकी जुळते.

मग उघडलेला डबा तुटूनच का पडत नाही? कारण आत टायटिन आहे. हे शरीरातलं सगळ्यात मोठं प्रोटीन, हिमोग्लोबिनची एक साखळी जेमतेम दीडशे अमिनो ॲसिडची आणि टायटिनची ३४ हजारांहून जास्त! एकच रेणू अर्ध्या डब्याची लांबी व्यापतो, स्प्रिंगसारखा, त्यातल्या गाठी ताणल्यावर एकेक करून उलगडतात आणि सोडलं की परत बसतात. त्यातही स्नायू चालू असताना, म्हणजे आत कॅल्शियम सुटलेलं असताना, ही स्प्रिंग जास्त कडक होते असं दिसतंय, त्यामुळे एक्सेंट्रिकमधला तो "फुकटचा" जोर बराचसा तिचा असावा. अकरावीच्या पुस्तकातल्या चित्रात फक्त ॲक्टिन-मायोसिन काढतात, टायटिनवर अन्याय आहे हा.

बरं, इथपर्यंत जे टिकलेत त्यांच्यासाठी परत मैदानावर. रोजच्या पळण्यात थोडे डबे उघडतात, दुरुस्त होतात, काही बिघडत नाही. पण ताण एका मर्यादेपलीकडे गेला की डबे नाही, अख्खे धागेच फाटतात, आणि बहुतेकदा तिथे जिथे मऊ स्नायू संपून चिवट टेंडन सुरू होतो. शिवण उसवते ती जोडावरच. तिथे मग शरीर घाईघाईने कोलॅजेनचा व्रण विणतं. व्रण मजबूत असतो पण तो स्नायू नसतो, आकसत नाही आणि नीट ताणलाही जात नाही. रफू केलेला शर्ट बघा, परत फाटतो तो रफूच्या शेजारी, कारण रफूने ताणायचं नाकारलेलं असतं आणि त्याच्या वाट्याचा ताण शेजारच्या धाग्यांवर येतो. म्हणूनच हॅमस्ट्रिंग पुन्हा जाईल का हे सांगणाऱ्या गोष्टींत सगळ्यात पक्की गोष्ट म्हणजे ते आधी गेलं होतं का.

ओवेन लगेच संपला असं नाही हां. उलट २००१ हे त्याचं सगळ्यात मोठं वर्ष, एफए कपच्या फायनलला आर्सेनलविरुद्ध शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल, म्युनिकमध्ये जर्मनीला ५-१ हरवलं त्यात हॅटट्रिक, आणि वर्षअखेरीला बॅलन डी'ओर, सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार. पण त्याने स्वतः नंतर अनेकदा सांगितलंय की लीड्सनंतर तो एका पायात तीन आणि दुसऱ्यात दोनच हॅमस्ट्रिंग घेऊन पळत होता. पुढे रेआल माद्रिद, न्यूकॅसल, २००६च्या वर्ल्ड कपमध्ये स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गुडघा, मग मँचेस्टर युनायटेड, स्टोक. इंग्लंडकडून ८९ मॅच आणि ४० गोल, पण शेवटची मॅच मार्च २००८ची, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. २०१३ला रिटायर झाला. शेवटची सहा-सात वर्षं मोकळ्या जागेत पळायची भीती वाटायची, आता फाटणार हे माहीतच असायचं, असं तो म्हणालाय. ज्या पळण्यावर नाव झालं त्याचीच भीती. मला हे त्याच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त लागतं. नशीब म्हणा, इंग्लंडचाच स्ट्रायकर अॅलन शिअरर याच्यासारखे काही जण दुखापतींनंतर वेगाचं भांडवल सोडून अंगाच्या जोरावर आणि जागा ओळखण्यावर खेळले आणि टिकले, ओवेनकडे ती शरीरयष्टी नव्हती.

आणि पायाळूला हसणाऱ्यांनी हेही ऐका. मे २०१४, ॲटलेटिको माद्रिदचा स्ट्रायकर डिएगो कोस्टा, हॅमस्ट्रिंग गेलेलं, चॅम्पियन्स लीगची फायनल एका आठवड्यावर. पठ्ठ्या बेलग्रेडला जाऊन घोडीच्या वारेची ट्रीटमेंट घेऊन आला. हो, वार, व्याल्यावर पडते ती. फायनलला उतरला आणि नवव्या मिनिटाला बाहेर. क्लबकडे करोडोंची मशिनं, डॉक्टरांची फौज, आणि शेवटी भरवसा कशावर तर घोडीच्या वारेवर, मग आमच्या मित्राच्या आईनेच काय घोडं मारलंय!

वाईट याचं वाटतं की ज्याचा खरंच उपयोग होतो ते फुकट आहे. नॉर्डिक नावाचा व्यायाम, गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे दाबून धरायचे आणि अंग फळीसारखं ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं, हॅमस्ट्रिंगने ब्रेक लावत. म्हणजे जे मैदानात फाडतं तेच घरी थोडं थोडं करायचं. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर नियमित करणाऱ्या टीम्समध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात. का होतात, तर अल्ट्रासाऊंडवर दिसतं की धाग्यांची लांबी वाढते, आणि उतारावर पळवलेल्या उंदरांमध्ये तर गाडीला नवे डबे जोडले गेलेले मोजलेत. डबे वाढले की तेवढ्याच ताणात प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. तरीही युरोपातल्या मोठ्या क्लबांमध्ये एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२च्या सीझनला १२ टक्के होता तो २०२१-२२ला २४ टक्के झालाय. खेळ वेगवान झाला, मॅचेस वाढल्या, आणि नॉर्डिक केल्यावर दुखतं म्हणून खेळाडू टाळतात.

परवा मित्राकडे गेलो. फिजिओने आता हाच व्यायाम दिलाय. हॉलमध्ये चटई, समोर सोफ्याच्या दोन उशा, घोट्यांवर त्याचा सहावीतला मुलगा बसलेला. तीन वेळा साहेब नीट खाली गेले, चौथ्या वेळी धप्पकन तोंडावर. मुलगा जागेवरून न उठता म्हणाला, "बाबा, तुम्ही उतरत नाहीये, पडताय."