पेरूची सहल आणि आपल्या पिंपातला डास

पेरूला जाणारे बरेचसे मराठी पर्यटक लिमाला उतरतात, कुस्कोला जातात, माचू पिच्चू डोळे भरून बघतात आणि परततात. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, माचू पिच्चू २,४३० मीटरवर. लिमा समुद्रकाठी असली तरी वाळवंटी पट्ट्यात. या तिन्ही ठिकाणी यलो फीव्हर, म्हणजे पीतज्वर, होत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही एवढ्याच प्रवासासाठी त्याची लस सुचवत नाही. तरी परतताना भारतातल्या विमानतळावर लशीचं पिवळं पुस्तक, म्हणजे लस घेतल्याचं प्रमाणपत्र, मागितलं जातं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.

सहलीच्या धावपळीत अनेकांना हा निव्वळ कागदी सोपस्कार वाटतो. मला मात्र आपल्या सार्वजनिक आरोग्यातल्या सर्वांत शहाण्या नियमांपैकी हा एक वाटतो. पीतज्वराचा विषाणू शहरात ज्या डासामार्फत पसरतो तो एडिस इजिप्ती आपल्या ओळखीचाच आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, डेंग्यूचा डास. गच्चीवरचं पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, पंक्चरवाल्याकडे रचून ठेवलेले टायर, जिथे चार दिवस पाणी साचतं तिथे त्याच्या अळ्या सापडतात. म्हणजे पीतज्वर पसरायला लागणारं सगळं मुंबई-पुण्यात हजर आहे. विषाणू तेवढा आलेला नाही.

त्याचं खरं घर आहे ते जंगलात. अ‍ॅमेझॉनच्या झाडांच्या शेंड्यांवर माकडं राहतात आणि तिथेच हिमॅगोगस नावाचे निळसर, धातूसारखे चमकणारे डास. विषाणू या दोघांमध्ये फिरत राहतो. खाली चालणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. कोलंबियात खोर्खे बोशेल या डॉक्टरांनी लाकूडतोडे मोठं झाड पाडताना पाहिलं. शेंडा जमिनीवर आदळला आणि त्याच्याबरोबर निळ्या डासांचा थवाच खाली आला. पीतज्वर जंगलात काम करणाऱ्यांनाच का गाठतो, याचं उत्तर त्या फांद्यांमध्ये होतं.

ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ या काळात मोठी साथ आली. दोन हजारांहून जास्त लोकांना लागण झाली आणि सातशेहून जास्त दगावले. त्या काळात तिथल्या जंगलांत हाउलर माकडं मोठ्या संख्येने मरत होती. ही माकडं या विषाणूपुढे फार लवकर हार मानतात, त्यामुळे मेलेलं माकड दिसणं हा तिथे धोक्याचा इशारा मानला जातो.

सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्याच्या सत्तरी भागातल्या वाचकाला हे वाचून माकडतापाची आठवण आली असेल. ती अगदी बरोबर आहे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली, तेव्हा पीतज्वर आशियात पोचला की काय, ही शंका शास्त्रज्ञांच्या मनात आली होती. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तपास केला तेव्हा तो नवाच विषाणू निघाला, माकडतापाचा. गोचिडीतून पसरणारा, पण पीतज्वर आणि डेंग्यूच्याच कुळातला.

आशियात पीतज्वराने आजवर मूळ धरलेलं नाही. ते का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. डेंग्यू होऊन गेल्यामुळे आपल्याला थोडं संरक्षण मिळत असेल, असा एक तर्क आहे. पण नुसत्या तर्काच्या भरवशावर एवढ्या लोकसंख्येला सोडता येत नाही. २०१६ मध्ये अंगोलाहून चीनला परतलेल्या अकरा जणांना पीतज्वर झाल्याचं आढळलं. एकेक विमान हा विषाणू कुठे उतरवू शकतं, हे तेव्हा कळलं. सहा दिवसांचा हिशोबही यातूनच येतो. डास चावल्यापासून तीन ते सहा दिवसांत ताप येतो. म्हणून धोक्याच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत भारतात येणाऱ्याकडे प्रमाणपत्र मागतात.

या रोगावर नेमकं औषध नाही. आजारी पडलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांची प्रकृती गंभीर होते, कावीळ आणि रक्तस्राव होतो, आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास दगावतात. लस मात्र उत्तम आहे. १९२७ मध्ये घानातल्या असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्तातून मिळालेला विषाणू मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत, पुढे कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत, पुन्हा पुन्हा वाढवून निस्तेज केला. ‘१७डी’ हा तो वाण. आजची प्रत्येक पीतज्वर लस त्याचीच वंशज आहे. थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, कारण शरीराला प्रतिपिंडं तयार करायला तेवढा वेळ लागतो. पूर्वी ते दहा वर्षं चालायचं. २०१६ पासून आयुष्यभर चालतं. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांतच मिळते आणि एक कुपी अनेकांसाठी असते. फोडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून बऱ्याच केंद्रांवर आधी नाव नोंदवून ठरलेल्या दिवशी जावं लागतं. तिकीट काढलं की लगेच चौकशी करा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. दक्षिण अमेरिकेच्या सहलीला आपल्याकडचे अनेक जण निवृत्तीनंतर जातात आणि साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका, क्वचित का होईना, तरुणांपेक्षा जास्त असतो. ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार, कर्करोगाचे उपचार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर टोचण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लस घेता येत नसेल तर त्यांच्याकडून सूट देणारं प्रमाणपत्र लिहून घेता येतं. वय लपवून किंवा आजार दडवून सुई टोचून घेऊ नका.

सहलीत इक्विटोस किंवा पुएर्तो माल्दोनादो असेल, तर मात्र ही लस तुमच्या स्वतःच्या जिवासाठी हवी. ते अ‍ॅमेझॉनचं खोरं आहे. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लशींबद्दलही विचारून घ्या. रात्री रक्तपिपासू वटवाघूळ चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा.

इक्विटोसच्या आसपास मलेरियाही आहे, बहुतांशी व्हायवॅक्स जातीचा. मलेरियावरचं औषध क्विनीन देणारं सिंकोनाचं झाड ज्या देशाच्या राजचिन्हावर आहे, तिथे तो अजून टिकून आहे. प्रवासात घेतलेल्या नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्या रक्तातल्या परजीवींना मारतात. यकृतात दडून बसलेले वाचतात. ते काही महिन्यांनीही जागे होतात. परतल्यावर दिवाळीच्या सुमारास थंडी वाजून ताप भरला, तर डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर पहिलं वाक्य हेच असू द्या: "मी उन्हाळ्यात पेरूला जाऊन आलोय."