अवर्षणातील कालवाबंदी व जलपाशांची दुरुस्ती

चढउताराच्या प्रदेशातून जाणाऱ्या जलवाहतुकीच्या कालव्यावर बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्यासाठी जो दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद बांधतात, त्याला जलपाश किंवा लॉक म्हणतात. बोट वर जावो की खाली, प्रत्येक वापरात एक हौदभर पाणी वरच्या टप्प्यातून खालच्या टप्प्यात उतरते. उन्हाळ्यात पावसाने दीर्घकाळ ओढ दिली आणि कालव्याला पाणी पुरवणारे तलाव आटू लागले की जलपाशांना कुलपे घालून वाहतूक थांबवावी लागते. या उपायाला येथे कालवाबंदी म्हटले आहे. इंग्लंडच्या उत्तर भागातील लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर २०१०, २०१८, २०२२ आणि २०२५ या वर्षी अशी बंदी झाली. कालवाबंदीचे कारण म्हणून पावसाकडे बोट दाखवले जाते. परंतु तलावातील साठा किती आठवडे पुरेल हे जलपाशांचे दरवाजे किती गळतात आणि तलाव किती भरू देता येतात यावरही ठरते. म्हणून दुरुस्ती आणि बंदी या दोन बाबींचा विचार एकत्रच करावा लागतो.

पाण्याचा हिशेब : इंग्लंडच्या मध्य भागातील कालव्यांवर जे अरुंद जलपाश आहेत त्यांची लांबी सुमारे २२ मी. आणि रुंदी सुमारे २.१ मी. असते. दोन टप्प्यांच्या पातळीत २.५ मी. फरक असेल, तर एका वापरात सव्वा लाख लिटरच्या आत-बाहेर पाणी खाली जाते. लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरील रुंद जलपाशांत हेच प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. चढणारी आणि उतरणारी बोट एकाआड एक आल्या, तर एकाच भरण्यात दोघींचे काम होते. म्हणूनच टंचाईच्या दिवसांत समोरून बोट येईपर्यंत थांबण्याची आणि रुंद जलपाशात दोन बोटी जोडीने घेण्याची सूचना दिली जाते. एकापाठोपाठ एक अनेक जलपाश असले म्हणून पाणी तितक्या पटीने खर्च होत नाही, कारण वरून सुटलेले तेच पाणी पुढच्या जलपाशाला उपयोगी पडते. खरा ताण येतो तो कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्यावर. माथ्यावरचा हा टप्पा ओलांडणारी बोट चढताना एक आणि पलीकडे उतरताना एक असे दोन हौद पाणी त्यातून घेऊन जाते. त्याच्याहून उंचावर कालवा नसल्याने ही तूट तलाव, ओढे किंवा पंप यांनीच भरून काढावी लागते.

बोटींच्या वापराला निदान मर्यादा घालता येते. गळती मात्र अहोरात्र चालू असते. दरवाजातून सेकंदाला दोन लिटर पाणी झिरपत असेल, तर ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही, पण चोवीस तासांत त्याचे १,७२,८०० लिटर होतात, म्हणजे अरुंद जलपाशाच्या एका पूर्ण भरण्याहून अधिक. रात्री एकही बोट हलली नाही तरी वरचा टप्पा सकाळपर्यंत उतरलेला दिसतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

लीड्स-लिव्हरपूल कालवा : पेनाइन डोंगररांग ओलांडणाऱ्या या कालव्याची लांबी २०४ किमी. असून मुख्य मार्गावर ९१ जलपाश आहेत. बांधकाम १७७० मध्ये सुरू झाले आणि १८१६ मध्ये संपले. फाउलरिज येथील माथ्याचा टप्पा समुद्रसपाटीपासून सुमारे १४८ मी. उंचीवर असून तो पश्चिमेस बॅरोफर्ड व पूर्वेस ग्रीनबरफील्ड येथील जलपाशांच्या दरम्यान सुमारे १० किमी. पसरलेला आहे, त्यातील जवळजवळ दीड किलोमीटर बोगद्यातून जातो. या छोट्या पट्ट्याला दोन्ही बाजूंच्या उतारांना पाणी पुरवावे लागते. पश्चिमेकडे विगन येथे २१ जलपाशांची रांग सुमारे ६५ मी. उतरते, तर पूर्वेकडे बिंगली येथे १७७४ मध्ये खुला झालेला पाच जलपाशांचा सलग जिना आहे. जिन्यातील एका हौदाचा खालचा दरवाजा हाच पुढच्या हौदाचा वरचा दरवाजा असतो. त्यामुळे तेथे एका दरवाजाची गळती दोन हौदांना भोवते आणि चुकीच्या क्रमाने झडप उघडली तर पाणी वाया जाते.

फाउलरिजच्या परिसरातील तलाव कालवा बांधताना व त्यानंतर टप्प्याटप्प्याने उभे राहिले. तेही अपुरे पडू लागल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गारग्रेव्हच्या उत्तरेस विंटरबर्न तलाव बांधून त्याचे पाणी नळाने माथ्यावर आणले गेले. साठवण कमी आहे ही जाणीव या कालव्याच्या धन्यांना पहिल्या शतकातच झाली होती, आणि आजच्या बंदीकडे पाहताना हा इतिहास लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये व २०१८ च्या जुलैअखेरीस विगन ते गारग्रेव्ह हा लांबलचक पट्टा बंद झाला. २०२५ मध्ये इंग्लंडने शंभराहून अधिक वर्षांतील सर्वांत कोरडा वसंत पाहिला. त्या वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीलाच, म्हणजे सुट्टीतील बोटींचा हंगाम भरात येण्याआधीच, येथील जलपाशांना कुलपे लागली. पुढे उन्हाळ्यात मॅकल्सफील्ड, पीक फॉरेस्ट आणि हडर्सफील्ड नॅरो या डोंगराळ मुलखातील कालव्यांवरही बंदी आली.

दरवाजा आणि त्याची दुरुस्ती : जलपाशाचे दरवाजे बहुधा ओक लाकडाचे असतात. खालच्या बाजूची दोन दारे प्रवाहाच्या उलट दिशेला टोक करून तिरकी मिटतात. वरच्या पाण्याचा दाबच त्यांना एकमेकांवर घट्ट बसवतो, आणि तळाशी ती उंबरठ्यावर टेकतात. दाराचा भिंतीकडचा गोलसर खांब दगडी खोबणीत फिरतो. तळाला तो लोखंडी वाटीत बसतो आणि वर लोखंडी पट्ट्याने धरलेला असतो. पाणी आत घेण्यासाठी व बाहेर सोडण्यासाठी दारात किंवा भिंतीतील भुयारी मार्गात सरकत्या झडपा असतात. बोटवाले त्या हातातल्या दांडीने दाते असलेली पट्टी फिरवून उचलतात. गळती सुरू होते ती या सर्व सांध्यांपाशी : दोन दारे जेथे मिळतात ती कड, खोबणीत झिजलेला खांब, उंबरठ्यात अडकलेला ओंडका किंवा वीट, झडपेची झिजलेली फळी. यांपैकी अडकलेली वीट आकडीने काढली की भागते. खांब झिजला असेल तर दार उतरवल्यावाचून गत्यंतर नसते.

दार बदलण्याचे काम पाहण्यासारखे असते. जलपाशाच्या दोन्ही तोंडांशी भिंतीत उभे खाचे ठेवलेले असतात. त्यांत एकावर एक फळ्या सरकवून तात्पुरता बांध घालतात आणि फटी बुजवण्यासाठी वरच्या अंगाने राख सोडतात, जी झिरपत्या पाण्याबरोबर फटीत ओढली जाऊन तेथेच बसते. नंतर पंपाने हौद उपसतात, तळाशी उरलेले मासे जाळीने पकडून शेजारच्या टप्प्यात सोडतात आणि गाळ काढतात. तेव्हा कुठे, वर्षानुवर्षे पाण्याखाली राहिलेली वीटकामाची पोकळी, उंबरठ्याची झीज आणि भुयारी मार्गातील पडझड दिसू लागते. जुने दार क्रेनने उचलून नवे उतरवतात. प्रत्येक जलपाशाचे माप थोडे वेगळे असल्याने दार त्या जागेसाठीच केलेले असते. तरीही दोन दारांच्या कडा अखेरीस जागेवर तासून जुळवाव्या लागतात. पाणी सोडल्यावर पहिले काही दिवस नवे दारही पाझरते. लाकूड फुगून सांधे आवळले की ते थांबते. असे दार सुमारे २५ वर्षे टिकते. इंग्लंड व वेल्समधील बहुतेक कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या वेकफील्डजवळील स्टॅनली फेरी आणि वेस्ट मिडलंड्समधील ब्रॅडली येथील कार्यशाळांत ही दारे बनतात.

मोठ्या दुरुस्त्या नोव्हेंबर ते मार्च या काळात ठेवण्याचा प्रघात आहे, कारण तेव्हा बोटी कमी असतात आणि उपसलेला टप्पा पुन्हा भरायला पाणी असते. अवर्षणात कालवा बंदच आहे, तर तेवढ्यात सगळी दारे का बदलून घेत नाहीत, हा प्रश्न बोटवाले आणि काठावरचे रहिवासी दर वेळी विचारतात, व तो रास्त आहे. परंतु दाराचे लाकूड काही महिने आधी निवडून कापावे लागते, क्रेन व कुशल माणसे आधी ठरवावी लागतात, आणि उपसलेला हौद पुन्हा भरण्याइतके पाणी वर नसते. त्यामुळे बंदीच्या काळात झडपा बदलणे, फटी बुजवणे, वीटकामाचे सांधे भरणे, एरवी पाण्याखाली असलेल्या काठांची पाहणी करणे एवढीच कामे सहसा हाती घेता येतात. ही कामे लहान असली तरी पुढच्या हंगामाच्या दृष्टीने मोलाची आहेत.

शिवाय बंदी कालव्याला हानीही पोचवते. टप्पा उतरला की एरवी भिजलेले लाकूड उघडे पडते, उन्हात आकसते आणि फळ्यांमधील फटी रुंदावतात. त्याहून गंभीर बाब तळाची आहे. अठराव्या शतकातील या कालव्यांचा तळ व कड मळून तुडवलेल्या चिकणमातीच्या थराने अस्तरलेली आहेत. हा थर ओला असेपर्यंतच पाणी धरतो. वाळला तर त्याला भेगा पडतात, आणि पुन्हा पाणी भरताना काठ फुटण्याचा धोका संभवतो. यास्तव वाहतूक बंद असतानाही तलावातून थोडे पाणी सोडून टप्पे एका किमान पातळीला राखतात.

तलावांची दुरुस्ती : १ ऑगस्ट २०१९ रोजी डर्बीशरमधील व्हेली ब्रिज गावाच्या वरच्या टॉडब्रुक तलावाचा सांडवा अतिवृष्टीत खचला आणि सुमारे १,५०० लोकांना घरे सोडावी लागली. पीक फॉरेस्ट आणि मॅकल्सफील्ड या कालव्यांना पाणी देणारा हा तलाव तातडीने रिकामा करण्यात आला व नव्या सांडव्याच्या कामासाठी पुढे कित्येक वर्षे रिकामाच राहिला. २०२२ चे अवर्षण आले तेव्हा या कालव्यांचा एक प्रमुख साठा वापरातच नव्हता. जुन्या मातीच्या धरणांच्या तपासणीत दोष आढळला की पाण्याची पातळी खाली ठेवावी लागते. गावांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे. मात्र त्याची किंमत कालवा उन्हाळ्यात मोजतो.

ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी संस्थेकडून २०१२ मध्ये कारभार हाती घेतलेल्या ट्रस्टकडे सुमारे ३,२०० किमी. जलमार्ग आणि सत्तरहून अधिक तलाव आहेत. सरकारने २०२७ ते २०३७ या दशकासाठी सुमारे ४० कोटी पौंडांचे अनुदान जाहीर केले असून महागाई धरता ही मोठी कपात ठरते, असे ट्रस्टचे म्हणणे आहे. पंचवीस वर्षे टिकणारे दार आणखी दोन वर्षे लांबणीवर टाकले, तर पावसाळी वर्षात कोणाच्या लक्षातही येत नाही. कोरड्या वर्षी तेच दार माथ्याचा टप्पा रिता करते. निधी कापताना हा हिशेब मांडला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पंपाने पाणी परत वर नेणे हा एक उपाय आहे. केनेट-एव्हन कालव्यावर डिव्हायझेस येथील २९ जलपाशांच्या उताराच्या पायथ्याशी १९९६ मध्ये बसवलेला पंप दिवसाला ३.२ कोटी लिटर, म्हणजे दर अकरा मिनिटांना एक हौदभर पाणी, माथ्यावर पोचवू शकतो. याच कालव्यावरील क्रॉफ्टन येथे १८१२ चे वाफेचे पंप-इंजिन आजही चालू स्थितीत जपलेले आहे. पण पंपाला वीज लागते, आणि उपसायला खाली पाणी असावे लागते.

बंदीचे परिणाम : बंदी एकदम येत नाही. आधी वापराचे तास कमी होतात, रात्री दरवाजांना साखळदंड लागतात, मग ठरावीक वेळीच कर्मचाऱ्यांच्या देखरेखीत बोटी सोडतात. भाड्याने बोटी देणाऱ्यांना ऐन हंगामातील आरक्षणे रद्द करावी लागतात किंवा ग्राहकांना दुसऱ्या कालव्यावर पाठवावे लागते. बोटीतच राहणाऱ्या आणि कायमचा धक्का नसलेल्या लोकांची अडचण निराळी असते. १९९५ च्या कायद्यानुसार त्यांना एका जागी सलग चौदा दिवसांहून अधिक राहता येत नाही. परिस्थितीनुसार वाजवी असेल तर अधिक मुदत मिळते, आणि कालवाबंदी ही तशी परिस्थिती आहे. परंतु अडकलेल्या जागी पिण्याच्या पाण्याचा नळ आणि मैला रिकामा करण्याची सोय असेलच असे नाही. पातळी फार उतरली तर बोट गाळात टेकून एका अंगावर कलते.

भारतातील स्थिती : गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात आर्थर कॉटन यांनी दवळेश्वरम येथे १८५२ मध्ये पूर्ण केलेल्या बंधाऱ्यातून काढलेले कालवे सिंचन व जलवाहतूक अशा दुहेरी उपयोगासाठी बांधलेले असून त्यांवर जलपाश आहेत. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेल्या नदीचे पाणी तेथे पोचते. रब्बीची पिके निघाल्यावर खरिपाचे पाणी सोडण्यापूर्वी हे कालवे उन्हाळ्यात बंद ठेवून गाळ काढणे व दरवाजांची दुरुस्ती करणे ही तेथील रीत आहे. म्हणजे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात होणारे काम तेथे उन्हाळ्यात होते. महाराष्ट्रातील नीरा, प्रवरा, मुठा हे कालवे सिंचनाचे व पाणीपुरवठ्याचे आहेत. त्यांवर बोटींची वाहतूक नाही, आणि अस्तरीकरण व दुरुस्ती दोन आवर्तनांच्या मधल्या काळात उरकावी लागते.

बंदी उठवणे : शरदातील पावसाने तलाव पुरेसे भरले की टप्पे वरून खाली क्रमाने, सावकाश भरतात आणि भेगांसाठी काठ चालत जाऊन तपासतात. ऑक्टोबरअखेर वाहतूक सुरू झाली तरी नोव्हेंबरपासून हिवाळी दुरुस्त्यांच्या बंद्या आधीच जाहीर झालेल्या असतात. त्यामुळे उन्हाळाभर अडकलेल्या बोटींना आपल्या धक्क्यावर परतण्यासाठी काही वेळा दोन-तीन आठवडेच मिळतात.