अँटीक की क्युरिओ? एकाच मॉझरच्या दोन जाती

पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या गन शोमध्ये, एकाच टेबलावर दोन मॉझर सी९६ पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली आहेत असं समजा. दोन्हींची मूठ झाडूच्या दांड्यासारखी गोल, म्हणूनच तिकडे त्यांना ‘ब्रूमहँडल’ म्हणतात. दोन्हींत चापाच्या पुढे दहा काडतुसांची न निघणारी पेटी. एक १८९८ मध्ये बनलेलं, दुसरं १९१५ मध्ये. पहिलं अमेरिकेच्या फेडरल कायद्याच्या लेखी बंदूकच नाही. दुसरं पूर्णपणे बंदूक आहे, फक्त संग्राहकांसाठी त्याला थोडी सवलत आहे. पहिल्याला म्हणायचं ‘अँटीक’, दुसऱ्याला ‘क्युरिओ अँड रेलिक’, बोलीभाषेत ‘सी अँड आर’. जुनी हत्यारं जमवू पाहणारा नवखा माणूस या दोन शब्दांची हमखास गल्लत करतो, आणि बरेच विक्रेतेही ‘अँटीक आहे हो’ असं सरसकट ठोकून देतात.

आधी एक बारीक गोष्ट उरकून घेऊ. इथे विषय सेमी-ऑटोमॅटिक हत्यारांचा आहे: चाप एकदा ओढला की एकच गोळी, पुढची गोळी मात्र आपोआप जागेवर येते. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती मशीनगन. तिचं जग वेगळं आहे. मे १९८६ नंतर नोंदलेली मशीनगन अमेरिकेत सामान्य नागरिकाला घेताच येत नाही.

अँटीकची व्याख्या १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये आहे आणि ती सरळसोट तारखेवर चालते. १८९८ मध्ये किंवा त्याआधी बनलेलं हत्यार म्हणजे अँटीक. (ठासणीच्या बंदुका आणि काही प्रतिकृतींसाठी वेगळी कलमं आहेत, पण सेमी-ऑटोवाल्याला त्यांचा उपयोग नाही.) ही तारीख १९६८ मध्ये जिथे होती तिथेच आजही आहे. दरवर्षी ती एक वर्ष पुढे सरकत नाही. १८९९ चं पिस्तूल दोनशे वर्षांचं झालं तरी या कायद्याने ते अँटीक होणार नाही.

सी अँड आरचं घड्याळ मात्र चालू असतं. बनवल्याला ५० वर्षं झाली आणि हत्यार मूळ रूपात असलं की ते या वर्गात येतं. १९७५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेली रायफल २०२५ मध्ये आपसूक आत. शिवाय आणखी दोन दारं आहेत. सरकारी संग्रहालयाच्या क्युरेटरने ‘संग्रहालयात ठेवण्याजोगं आहे’ असा दाखला दिला तर, किंवा हत्यार दुर्मिळ, विचित्र किंवा एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीशी जोडलेलं असल्यामुळेच त्याची मुख्य किंमत असेल तर. या दुसऱ्या वाटेने आलेल्यांची यादी शस्त्रांचा कारभार पाहणारं एटीएफ हे फेडरल खातं ठेवतं.

‘मूळ रूपात’ हे दोन शब्द वाचणारे घाईने ओलांडतात, आणि खरी मेख तिथेच आहे. अँटीकला त्याची फ्रेम किंवा रिसीव्हर, म्हणजे हत्याराचा मुख्य सांगाडा, कधी बनला एवढंच बघतात. १८९८ च्या फ्रेमवर पुढे कुणी नवी नळी बसवली तरी अँटीकपण जात नाही. सी अँड आरचं तसं नाही. एखाद्याने ५० वर्षं जुन्या रायफलीला शिकारीसाठी नवा दस्ता लावला, नळी कापली, तर ती जुनी राहते पण सी अँड आर राहत नाही. त्यामुळे ‘माझ्या आजोबांनी छान पॉलिश करून, दस्ता बदलून ठेवलीय’ हे वाक्य ऐकून संग्राहकाच्या पोटात गोळा येतो.

मग सी अँड आरचा फायदा काय? एटीएफकडून टाइप ०३ नावाचा संग्राहक परवाना मिळतो, तीन वर्षांचे ३० डॉलर. तो असला की या वर्गातलं हत्यार दुसऱ्या राज्यातून थेट मागवता येतं, स्थानिक दुकानदाराला मध्ये घालावं लागत नाही. बदल्यात एक वही ठेवायची: काय आलं, कुणाकडून आलं, कधी गेलं, कुणाकडे गेलं. एटीएफचे लोक ती वही तपासू शकतात. हा परवाना व्यापाराचा नाही. घ्यायचं आणि नफ्याने विकायचं असा धंदा सुरू केला की तो चालत नाही. आणि सी अँड आर नसलेल्या हत्यारासाठी तो परवाना दाखवला, तरी दुकानदार तुम्हाला इतर कुठल्याही गिऱ्हाइकासारखाच फॉर्म भरायला लावणार.

अँटीकला फेडरल पातळीवर ना परवाना, ना वही. म्हणून नवख्याला वाटतं, मग अँटीकच बरं की!

सेमी-ऑटोमॅटिकच्या बाबतीत हा विचार फार लांब जात नाही, कारण १८९८ पर्यंत बनलेली सेमी-ऑटो हत्यारं बोटांवर मोजण्याइतकी. रायफलींमध्ये तर बाजारात आलेलं असं जवळजवळ काही नाहीच. पिस्तुलांमध्ये ह्यूगो बोर्शार्टचं सी-९३: १८९३ चं, बर्लिनच्या लुडविग लोव्ह कंपनीने बनवलेलं, मागे मोठा पेटारा लटकवल्यासारखं दिसणारं. एकूण सुमारे ३,००० बनली. १८९७ पासून डीडब्ल्यूएम कंपनीने उत्पादन हाती घेतलं, आणि काही नग १८९८ नंतरचेही आहेत. म्हणजे लोव्हचा शिक्का असला तर अँटीक म्हणायला हरकत नाही, डीडब्ल्यूएमचा असला तर अनुक्रमांक बघणं आलं. दुसरं बर्गमानचं १८९६ चं पिस्तूल. आणि तिसरं हे आपलं मॉझर सी९६.

या मॉझरची एक कथा मुंबईतून सुरू होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ससून डॉकवर होडीतून उतरताना तरुण विन्स्टन चर्चिलचा उजवा खांदा निखळला, आणि तो पुढे आयुष्यभर त्याला त्रास देत राहिला. घोड्यावरून तलवार चालवणं त्या खांद्याने जमेना, म्हणून सप्टेंबर १८९८ मध्ये सुदानात ओमदुर्मानच्या लढाईत, घोडदळाच्या हल्ल्यात, त्याच्या हातात तलवारीऐवजी मॉझर होतं. त्या लढाईत वापरलेलं पिस्तूल १८९८ किंवा त्याआधीचंच असणार, म्हणजे आजच्या अमेरिकन व्याख्येत ते अँटीक. ससून डॉकच्या निसरड्या पायऱ्यांनी एक पिस्तूल असं प्रसिद्ध केलं हे मला उगाचच गमतीचं वाटतं.

हेच सी९६ पुढे १९३० च्या दशकापर्यंत बनत राहिलं. त्यामुळे लाखो नगांपैकी सुरुवातीचे थोडेच अँटीक, बाकी सगळे सी अँड आर. जाणकार आधी हॅमर, म्हणजे चाप ओढल्यावर मागून आपटणारा भाग, बघतात. सुरुवातीच्या पिस्तुलांचा हॅमर शंकूसारखा, त्यावर गोल गोल वळ्या. पुढे मोठ्या कडीचा आणि मग छोट्या कडीचा हॅमर आला. मग अनुक्रमांक. या दोन गोष्टी नीट जुळल्याशिवाय ‘अँटीक’ म्हणून जादा पैसे मोजणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

आणि मॉझरचा लाकडी होल्स्टर. तो मुठीला मागून अडकवला की दस्ता होतो आणि पिस्तूल खांद्याला लावून मारता येतं. पण १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे १६ इंचांहून आखूड नळी आणि खांद्याचा दस्ता म्हणजे आखूड रायफल. ती रीतसर नोंदवावी लागते. २०२६ पासून या वर्गावरचा २०० डॉलरचा कर शून्यावर आला, नोंदणी राहिलीच. एटीएफच्या यादीत जुन्या मूळ जर्मन दस्त्यासकटच्या मॉझरला या कायद्यातून सूट आहे. पण कुणी हौसेने भलताच आधुनिक दस्ता अडकवला तर? १९१५ चं पिस्तूल अडचणीत येतं हे समजण्यासारखं आहे. १८९८ चंही येतं, कारण १९३४ च्या कायद्यात अँटीकची व्याख्या अधिक कडक आहे: त्याचं काडतूस आता बनत आणि मिळत नसलं पाहिजे. मॉझरचं ७.६३ मिलिमीटरचं काडतूस आजही बनतं. म्हणजे एकाच देशाच्या दोन फेडरल कायद्यांत तेच पिस्तूल एका ठिकाणी अँटीक आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

राज्याची सीमा ओलांडली की

इथवर सगळं फेडरल होतं. राज्यांना या शब्दांशी फारसं देणंघेणं नाही, आणि संग्राहकांच्या डोकेदुखीचा मोठा भाग इथूनच सुरू होतो.

टेक्साससाठी मामला सोपा. तिथल्या दंडविधानात ‘१८९९ पूर्वी बनलेलं अँटीक किंवा क्युरिओ’ बंदुकीच्या व्याख्येबाहेर ठेवलं आहे. दोन्ही शब्द एकाच ओळीत, एकाच तारखेला बांधलेले. १९१५ च्या मॉझरला मात्र क्युरिओ म्हटलं तरी या ओळीचा फायदा नाही.

न्यू जर्सीत या. मराठी माणसं भरपूर आहेत म्हणूनही, आणि कायदा वेगळा आहे म्हणूनही. तिथे अँटीक म्हणजे अशी रायफल किंवा शॉटगन, जी गोळी झाडूच शकत नाही, किंवा जी तयार काडतूस वापरत नाही, किंवा जी १८९८ ‘पूर्वी’ बनली आणि जिचं काडतूस बाजारात मिळत नाही. फेडरल कायद्यात १८९८ धरून, इथे १८९८ सोडून. शिवाय काडतुसाची अट. आपलं १८९८ चं मॉझर मुळात पिस्तूल, आणि तारीख व काडतूस दोन्हीकडे नापास. ते तिथे साधं पिस्तूल, म्हणजे राज्याचा खरेदी परवाना लागणार.   न्यूयॉर्कही काडतुसाचीच अट घालतं: तयार काडतुसाचं पिस्तूल असेल तर ते काडतूस बाजारातून गेलेलं असलं पाहिजे, नाहीतर पिस्तुलाचा परवाना काढा.

इथे एक वेगळी गोष्ट सांगून ठेवतो. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायदा सहसा बंदूक बाळगूच देत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड मिळालेल्यांची गोष्ट वेगळी. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून संग्रहाची स्वप्नं बघणाऱ्याने हे आधी तपासावं, मॉझरचा हॅमर नंतर.

कॅलिफोर्नियाचा प्रश्न तारखेचा नाहीच. ते विचारतं, काडतुसांची पेटी निघते का आणि कुठून लागते. सेमी-ऑटो पिस्तुलात निघणारी पेटी मुठीच्या बाहेर लागत असेल तर ते ‘असॉल्ट वेपन’, म्हणजे बंदीच्या गटातलं हत्यार. मॉझरची पेटी मुठीच्या पुढे आहे खरी, पण ती पक्की बसवलेली, म्हणून सुटलं. डेन्मार्कच्या सैन्याने घेतलेलं बर्गमान-बेयार्ड १९१० मात्र चापाच्या पुढे निघणारी पेटी घेऊन येतं. कायद्याचा शब्द धरला तर शंभर वर्षांचं हे शोभेचं पिस्तूल त्या गटात जातं. अँटीकला तिथे सूट आहे, सी अँड आरला तशी सरसकट नाही. यातली आणखी मोठी गंमत म्हणजे कोल्टची एआर-१५. ती १९६४ मध्ये नागरिकांसाठी विक्रीला आली. ५० वर्षांचा नियम लावला तर सुरुवातीच्या एआर-१५ २०१४ पासूनच सी अँड आर आहेत. १९८९ च्या कॅलिफोर्निया कायद्यात मात्र त्यांचं नाव घेऊन बंदी आहे. ‘पण माझ्याकडे संग्राहक परवाना आहे’ हे तिथे ऐकलं जात नाही.

एसकेएसचं उदाहरण तर कुणाही नवख्यासमोर ठेवावं असं. सिमोनोव्हची ही सोव्हिएत रायफल, दहा गोळ्यांची पक्की पेटी, जुने नग सी अँड आर. आता मालकाने हौसेने बाजारातली निघणारी, वीस-तीस गोळ्यांची पेटी बसवली. मूळ रूप गेलं म्हणून सी अँड आर गेलं. परदेशी रायफल सुट्या भागांतून जुळवण्याबद्दलचा फेडरल नियम आता तिला लागू शकतो. आणि कॅलिफोर्नियात निघणारी पेटी असलेली एसकेएस नाव घेऊन बंद आहे. चाळीस-पन्नास डॉलरच्या पत्र्याच्या पेटीने रायफलीचे तीनही कागद बदलले. कुठल्याही राज्यात राहा, जुन्या सेमी-ऑटोला ‘सुधारायला’ जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. इजिप्तची हकीम, बेल्जियमची एफएन-४९, फ्रान्सची एमएएस-४९ या रायफलींचं आकर्षण त्यांच्या मूळ रूपातच आहे.

राहिला प्रवास. १९८६ च्या फेडरल कायद्याने अशी सोय केली की जिथून निघालात आणि जिथे पोचणार त्या दोन्ही ठिकाणी हत्यार कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यातून ते रिकामं, बंद आणि हाताला न येईल असं नेता येतं. पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीमार्गे कनेटिकटला जाणारा संग्राहक याच सोयीवर विसंबतो. पण त्या कलमातला शब्द ‘फायरआर्म’ आहे, आणि अँटीक तर त्याच कायद्याच्या व्याख्येने फायरआर्म नव्हे. म्हणजे १९१५ चं मॉझर डिकीत कुलूपबंद ठेवणाऱ्याला ते कलम नाव घेऊन दाखवता येतं, आणि १८९८ चं नेणाऱ्याला, न्यू जर्सीच्या पोलिसाने गाडी थांबवली तर, आधी वकिलाला फोन लावून हे कलम आपल्याला लागू होतं की नाही ते विचारावं लागेल.