कॉडा इक्विना सिंड्रोम

कमरेच्या मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब येऊन लघवी, शौच, लैंगिक क्रिया आणि पाय यांच्यावरचा ताबा जाऊ लागतो, ती ही तातडीची अवस्था. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली मज्जातंतूंची मुळे घोड्याच्या शेपटीसारखी सुटी लोंबतात, आणि लॅटिन नावाचा अर्थही तोच आहे. मूत्राशय, गुदद्वार आणि जांघेची आतली बाजू सांभाळणारी मुळे बारीक असून जुडग्याच्या मधल्या भागात असतात. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) मधोमध मागे सरकली की ही मुळे चेपली जातात. म्हणूनच पायात बऱ्यापैकी ताकद असतानाही लघवी बिघडू शकते.

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या किंवा पाचव्या मणक्याखालच्या गादीचा मोठा तुकडा बाहेर येणे. सरकलेली गादी मज्जातंतू दाबते हे मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली ठळकपणे मांडले. सोयाबीनचे पोते उचलताना ‘उसण भरली’ असे रोगी सांगतो, पण ते निमित्त असते. गादी बहुधा आधीच झिजलेली असते. मोहाच्या झाडावरून किंवा विहिरीत पडणे, मणक्याचा क्षयरोग, मधुमेही माणसाच्या मणक्यातला पू, प्रोस्टेट (पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी) किंवा स्तनाचा पसरलेला कर्करोग आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना मणक्यात झालेला रक्तस्राव ही इतर कारणे.

निदानाची किल्ली प्रश्नांत आहे. कंबरदुखीचे रोगी प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज येतात आणि त्यातल्या फारच थोड्यांना हा आजार असतो. पण लघवीबद्दल आपणहून कोणी बोलत नाही, बाया तर नाहीच. म्हणून प्रत्येकाला थेट विचारावे: लघवी लागल्याचे समजते का? धार बारीक झाली का, जोर करावा लागतो का? शौचानंतर धुताना हात लागल्याचे कळते का? बसल्यावर खाली फडके ठेवल्यासारखे बधिर वाटते का? संबंधाच्या वेळी संवेदना कमी झाली का? दुखणे आधी एका पायात होते, आता दोन्हीत उतरले का? यातले एकही ‘हो’ नवे असेल, तर गोळी आणि इंजेक्शन देऊन घरी पाठवू नये. कळवळायला लावणारे दुखणे एकाएकी थांबले आणि पाय मात्र लुळा पडला, तर तो आराम नव्हे.

तपासणीत कापसाचे टोक आणि टाचणी घेऊन गुदद्वाराभोवतीची, जांघांच्या आतली आणि पायांची संवेदना दोन्ही बाजूंनी ताडून पाहावी. घोटा आणि अंगठा वर उचलण्याची ताकद, हातोडीने ठोकल्यावर गुडघ्याला व टाचेला येणारा झटका (रिफ्लेक्स) पाहावा; या आजारात झटके मंदावतात. गुदद्वाराची पकड बोटाने तपासावी, पण ती ठीक वाटली म्हणून आजार नाही असे समजू नये. मग रोग्याला लघवी करून यायला सांगावे आणि लगेच सोनोग्राफीवर मूत्राशयात उरलेली लघवी मोजावी: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ०.५२ ने गुणले की मिलिलिटर मिळतात. २०० मिलिलिटरच्या वर उरली तर संशय पक्का होतो; कमी उरली तर शक्यता कमी होते, संपत नाही. सोनोग्राफी नसेल तर कॅथेटर (लघवीची नळी) घालून निघालेले प्रमाण लिहावे. कॅथेटर हलकेच ओढल्यावर रोग्याला ताण जाणवतो का, हेही लिहावे.

इथेच घोळ होतो. साठ वर्षांच्या कास्तकाराची लघवी तुंबली की प्रोस्टेट म्हणून नळी टाकून घरी पाठवतात, आणि कंबर-पायाचे दुखणे कोणी विचारत नाही. नळी टाकल्यावर लक्षण झाकले जाते. एक्स-रे काढून ‘हाड शाबूत आहे’ म्हणणे ही दुसरी चूक. गादी आणि मज्जातंतू एक्स-रेत दिसत नाहीत. एमआरआय हवाच, आणि पेसमेकरसारख्या कारणाने तो शक्य नसेल तेव्हाच सीटी. तिसरी गोष्ट गावची: पायाळू (जन्मताना पाय आधी आलेल्या) माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेणे. लाथेने गादी जागेवर बसत नाही. बाहेर आलेला तुकडा झटक्याने आणखी सरकू शकतो आणि मोलाचा दिवस जातो.

रोगी हलवताना चिठ्ठीवर शेवटची स्वतःहून लघवी केव्हा झाली, बधिरपणा केव्हा सुरू झाला, कॅथेटरमधून किती निघाले हे तासावारी लिहावे, आणि ज्या रुग्णालयात एमआरआय व मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात तिथेच पाठवावे. विदर्भात ती सोय मुख्यतः नागपूर, सेवाग्राम, सावंगी मेघे अशा ठिकाणी मिळते. आधी फोन करावा. १०८ रुग्णवाहिका मोफत आहे. पडून आलेल्या रोग्याला ताठ फळीवर, डोके-धड-पाय एकत्र वळवून ठेवावे. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होऊ शकतो. तिथे पावसाळ्यात संशय येताच हालचाल करावी, उद्यावर ढकलू नये.

गादीमुळे झालेल्या दाबावर उपाय शस्त्रक्रियाच. मणक्याची मागची कमान काढून वाट मोठी करतात, मुळे हळुवार बाजूला घेतात आणि तुकडा काढतात. वाट अरुंद ठेवून आधीच चेपलेली मुळे ओढली तर इजा वाढते. शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत व्हावी असे सर्वत्र सांगितले जाते, पण ती सवलत नव्हे: लघवी पूर्ण तुंबण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर ताबा टिकण्याची आशा बरीच जास्त असते, म्हणून जितके लवकर तितके बरे. उशिरा आलेल्यालाही नाकारू नये. स्टेरॉईड गादीच्या दाबावर सिद्ध उपचार नाही. कर्करोगाच्या दाबात मात्र डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड आणि किरणोपचार यांना स्थान आहे. क्षयात क्षयाची औषधे, पू असेल तर तो काढून प्रतिजैविके. शस्त्रक्रियेनंतर पाय अचानक पुन्हा लुळा पडला तर रक्ताची गाठ असू शकते. लगेच पुन्हा एमआरआय करावा.

ताकद आणि मूत्राशय सावरायला महिने, कधी दोन वर्षेही लागतात. तोवर दर ४ ते ६ तासांनी स्वच्छ हातांनी स्वतः कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करणे ही कायमच्या नळीपेक्षा बरी पद्धत. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर साठू देऊ नये. बायांना सुरुवातीला आरसा लागतो. ताप, गढूळ लघवी किंवा पाठीच्या बाजूला दुखणे आले तर दवाखाना गाठावा. शौचाला रोज जेवणानंतर अर्ध्या तासात, ठरल्या वेळी बसावे. बधिर कातडीला पोळलेले कळत नाही: मे महिन्यातली तापलेली मोटारसायकलची सीट, विटेचा शेक, रुईच्या गरम पानांचा शेक यांनी फोड येऊन जखमा होतात. अनवाणी पऱ्हाटीत (कपाशीच्या शेतात) जाऊ नये. रात्री तळपाय आणि ढुंगणाची कातडी आरशात किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावी.